पॅनल घ्या, पण आधी हे वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. ग्रामसभेला जाणारे, शाळा व्यवस्थापन समितीत असलेले आणि ज्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, त्यांनी तरी सवड काढून शेवटपर्यंत वाचा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून गावोगाव पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा सुरू झालीय. आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही गावाची यादी काढा, त्यात एक काम हमखास दिसतं: 'शाळेसाठी इंटरॅक्टिव्ह पॅनल'. कुठे वित्त आयोगाच्या पैशातून, कुठे लोकवर्गणीतून, कुठे पुण्याला नोकरीला लागलेल्या पोरांनी जमवलेल्या देणगीतून. पूर्वी वर्गणी म्हटली की देवळाचं कळस-रंगकाम. आता गाव शाळेसाठी लाख-दीड लाखाची वस्तू घ्यायला निघालंय. मला त्याचा आनंदच आहे.

पण याच दिवसांत गावात आणखी एक गोष्ट चालू असते, आणि ती कुठल्याच आराखड्यात नसते. मुकादमांच्या उचली वाटून झाल्या आहेत. टोळ्या निघायला लागल्या आहेत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्या जोडीबरोबर ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळी आणि दोन-तीन लेकरं. ती लेकरं परत येणार गुढीपाडव्याच्या आसपास. म्हणजे ज्या महिन्यात शाळेच्या भिंतीवर पॅनल लागणार, त्याच महिन्यात त्याच्यासमोर बसायची कितीतरी पोरं कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत असणार.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. साधन कोणतं घ्यायचं ते मागाहून ठरवू. आधी आपल्या गावातलं कोणतं पोर कुठे अडलंय ते बघू. हा क्रम उलटा झाला की लाखाची वस्तू भिंतीवर राहते आणि पोर आहे तिथेच राहतं.

मी गेली एकवीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवतोय. वर्गात प्रोजेक्टर वापरतो, मोबाईल वापरतो, पोरांकडून व्हिडिओ करून घेतो. त्यामुळे 'यंत्रं आली आणि शिक्षण बुडालं' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण आपल्या आणि शेजारच्या तालुक्यात जाऊन-येऊन जे दिसतं, ते सांगायलाच हवं.

एका शाळेत पॅनलवर छान शिवलेलं कापडी कव्हर आहे. त्याच्यावर हळदी-कुंकवाची बोटं अजून दिसतात. वीजबिल थकलं म्हणून मीटर काढून नेलंय. दुसरीकडे पॅनलबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरची मुदत एका वर्षात संपली. पुढच्या वर्षाचे पैसे कुणी भरायचे यावर ग्रामपंचायत शाळेकडे बोट दाखवते, शाळा ग्रामपंचायतीकडे. तिसऱ्या ठिकाणी पॅनल रोज चालतो, पण त्याच्यावर बडबडगीतं लागतात. गुरुजी एकटे, वर्ग चार, ऑफिसची माहिती तातडीने भरायची, मग पहिली-दुसरीला पॅनलपुढे बसवलं की तासभर निभावतं. या गुरुजींना दोष देण्याआधी त्यांच्या जागी आपण चार दिवस बसून बघावं.

ही आजची गोष्ट नाही, हे मुद्दाम सांगतो. १९७५-७६ मध्ये आपल्या देशात 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोहोचवला. सकाळी शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी शेती-आरोग्य. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण पुढे १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांनी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले असतील. मराठी मुलांसाठी, मराठी पाठ्यपुस्तकं समोर ठेवून कार्यक्रम बनवणारी ती सरकारी संस्था होती. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह गेला. मग शाळाशाळांत संगणक कक्ष आले. मग २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर डिजिटल शाळांची लाट आली, गावोगाव फिती कापल्या गेल्या.

आता यातली मेख बघा. २०१५ ते २०१७ या काळात आपण राज्यभर शाळांच्या भिंतींवर पडदे लावत होतो, आणि त्याच २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद केली. निधी आटला होता, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले होते, शेवटी कुलूप लागलं. पडदे लावले आणि पडद्यावर दाखवायचं मराठीत बनवणारं घर मोडलं! बैलगाडी नवी करकरीत घ्यायची आणि बैल बाजारात विकायचे, त्यातली गत. ही फक्त सरकारचीच चूक म्हणू नका. आपली ग्रामसभाही तेच करते. वस्तूला पैसे मंजूर होतात, कारण वस्तूपुढे उभं राहून फोटो काढता येतो. पगाराचा, दुरुस्तीचा, प्रशिक्षणाचा फोटो निघत नाही.

बरं, मग कुठे जमलंच नाही का? जमलं की. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आदिवासी पाड्यावरच्या त्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड गुरुजींनी लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला आणि पुढे राज्यभरातून शिक्षक तो बघायला गेले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी तर जगाला माहीत झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानाला क्यूआर कोड जोडला. पुढे आपल्या राज्याने ते कोड पुस्तकांत छापायला घेतले, आणि २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. या दोन्ही गोष्टींत एक धागा सारखा आहे. आधी शिक्षकाला वर्गातली एक अडचण दिसली, मग त्याने साधन शोधलं. वस्तू आधी आली आणि तिचं काय करायचं ते मग शोधत बसले, असं तिथे झालं नाही.

आपण मात्र पाष्टेपाड्याचा पडदा उचलून आणला, तिथला शिक्षकाचा विचार तिथेच ठेवून आलो.

आता कुणी म्हणेल, हे झाले तुमचे अनुभव, पुरावा काय? तर बाहेरची तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं पेरू देशाचं. तिथल्या सरकारने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेत ग्रामीण शाळांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा काटेकोर अभ्यास झाला, २०१२ मध्ये निष्कर्ष आले. संगणक पोहोचले, पोरांनी वापरलेही, पण गणित आणि भाषेच्या चाचणीत काही फरक दिसला नाही. यंत्र दिलं, पण वर्गात शिकवण्याची रीत होती तीच राहिली.

दुसरं आपल्या दिल्लीचं. सरकारी शाळेतल्या सहावी ते नववीच्या पोरांसाठी शाळेनंतरचा एक वर्ग होता. अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ शिकवणाऱ्याजवळ बारा-पंधरा जणांचा गट. संगणक काय करायचा? पोर कोणत्या इयत्तेत आहे ते बाजूला ठेवून, त्याला खरं काय येतं ते तपासायचा आणि तिथून पुढचे प्रश्न द्यायचा. कारण सहावीतली पोरं गणितात सरासरी अडीच वर्षं मागे निघाली होती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे चांगली प्रगती दिसली, आणि जी पोरं सगळ्यात मागे होती, त्यांनाही तेवढाच फायदा झाला. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मी कुठल्या कंपनीची जाहिरात करत नाहीये. त्यातलं तत्त्व घ्या: पोर जिथे आहे तिथून सुरुवात. चाळीस पोरांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे अवघड जातं, तिथे यंत्राने हात दिला.

तिसरं उदाहरण बोट्स्वानाचं. ते ऊसतोडीच्या पोरांशी जोडलेलं आहे, म्हणून पुढे सांगतो.

यावरून पॅनल चांगला की वाईट हे ठरत नाही. 'कशासाठी' हा प्रश्न विचारला की नाही, यावरून ठरतं. वर्गात म्हणजे नेमकं काय करायचं, त्याची माझ्या रोजच्या कामातली काही उदाहरणं देतो.

चंद्राच्या कला घ्या. दहा पोरांना विचारा, चंद्र कमी-जास्त का दिसतो? निम्मी सांगतात, पृथ्वीची सावली पडते म्हणून. मोठी माणसंही हेच सांगतात. आता यावर अतिशय सुंदर व्हिडिओ आहेत. पण व्हिडिओ थेट लावला तर पोरं बघतात, "भारी" म्हणतात आणि परीक्षेत परत सावलीच लिहितात. कारण डोक्यातली जुनी समजूत व्हिडिओने हललीच नाही. मी आधी पंधरा दिवस पोरांना रोज एकाच वेळी चंद्र बघून वहीत त्याचं चित्र काढायला लावतो. मग वर्गाच्या खिडक्या बंद करून एक दिवा, आणि पोराच्या हातात चेंडू. पोराचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून स्वतःभोवती फिरायचं आणि चेंडूचा उजळलेला भाग किती दिसतो ते बघायचं. चेंडूचा अर्धा भाग कायम उजेडातच असतो. आपल्याला त्यातला कधी थोडा दिसतो, कधी सगळा. सावलीचा इथे संबंध नाही, सावली ग्रहणाला. एवढं झालं की तीन मिनिटांचा व्हिडिओ लावतो, आणि मध्येच थांबवून विचारतो: आता पुढे कोणता आकार दिसेल? मग बघा पडद्याकडे पोरं कशी बघतात.

अपूर्णांकाचंही तेच. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? पोर सांगतं एक चतुर्थांश, कारण चार तीनपेक्षा मोठे. आधी खरी भाकरी तोडायची: तिघांत वाटली तर जास्त मिळते की चौघांत? त्यानंतर मोबाईल किंवा पॅनलवर 'फेट'चं अपूर्णांकाचं सिम्युलेशन. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आहे. फुकट आहे, त्यातली कितीतरी सिम्युलेशन्स मराठीत आहेत, एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतात. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' तसंच फुकट. त्रिकोणाचा एक कोपरा ओढला की कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. फळ्यावर हे दाखवायला मला दहा त्रिकोण काढावे लागायचे. इथे यंत्र खरंच फळ्याच्या पुढे जातं.

आणखी एक. तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी बोलतात आणि पहिलीत एकदम पुस्तकी मराठी समोर येते. ती पोरं गप्प बसतात, आणि आपण म्हणतो 'लाजाळू आहे'. इथे पॅनल काही करत नाही, साधा मोबाईल करतो. आजीची गोष्ट गोरमाटीत रेकॉर्ड करून आणायची. वर्गात सगळ्यांनी ऐकायची. ज्याला कळली त्याने मराठीत सांगायची. गुरुजींनी फळ्यावर लिहायची. तो त्या पोरांचा वाचनाचा धडा. ज्या पोराचं तोंड महिनाभर उघडलं नव्हतं, ते त्या दिवशी दुभाषा होतं.

अजून सोपं सांगू? प्रत्येक पोराचं एक मिनिटाचं वाचन जूनमध्ये रेकॉर्ड करा, दिवाळीला करा, मार्चमध्ये करा. पालकसभेत त्या-त्या आईला तिच्या लेकराचे तीन आवाज ऐकवा. खर्च शून्य. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा ते माउलीला जास्त कळतं, आणि गुरुजींनाही.

व्हिडिओ निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. रिचर्ड मेयर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चित्र-आवाज वापरून शिकण्यावर आयुष्यभर प्रयोग केले. त्यातून निघालेली साधी गोष्ट अशी की विषयाशी संबंध नसलेलं संगीत, उगाच नाचणारी चित्रं, एकाच वेळी बोलणं आणि तेच पडद्यावर लिहिलेलं, यामुळे शिकणं वाढत नाही, उलट कमी होतं. लहान तुकड्यांत, थांबत थांबत दाखवलेलं जास्त टिकतं. आपल्याकडे विकायला येणारं साहित्य बघा. जितका झगमगाट तितकं भारी असं समजून आपण घेतो.

आणि यूट्यूब थेट पॅनलला जोडून देऊ नका. पचनसंस्थेचा व्हिडिओ संपला की पुढे काय आपोआप सुरू होईल याचा भरवसा नाही. लागतील ते व्हिडिओ आधी उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. 'दीक्षा' ॲपवर २०१७ पासून साहित्य आहे, पुस्तकातला कोड स्कॅन केला की उघडतं, आणि आधी उतरवून ठेवता येतं. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करायची शेकडो छोटी चित्रफितींची भांडारं नेटवर फुकट आहेत. आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, झाडूच्या काड्या. बघायचं आणि लगेच हाताने करायचं. मला विचाराल तर शाळेत दाखवायला याच्याइतकं चांगलं थोडंच असेल.

आता ऊसतोडीच्या पोरांकडे येतो.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा बोट्स्वानात सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला मोबाईलवर गणिताचे मेसेज पाठवले. काही घरांना मेसेज पाठवले आणि शिवाय पंधरा-वीस मिनिटांचा फोन केला. साधा फोन, व्हिडिओ नाही, ॲप नाही. पोराला फोनवर घ्यायचं, एक गणित सोडवून घ्यायचं, आईवडिलांनाही स्पीकरवर ऐकू द्यायचं. नुसत्या मेसेजने फारसा फरक पडला नाही. फोन केलेल्या पोरांचं गणित सुधारलं. पुढे भारतासह पाच देशांत हे करून बघितलं गेलं.

त्याच काळात आपल्याकडेही माणसांनी काय काय केलं आठवा. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर स्पीकर लावून 'बोलकी शाळा' भरली. भिंत, स्पीकर, फोन. ज्याच्याकडे जे होतं आणि पोरांपर्यंत जे पोहोचत होतं, ते वापरलं. शाळा उघडल्या आणि आपण ते सगळं विसरलो, परत 'मोठ्यात मोठा पडदा' इथे आलो.

फडात गेलेल्या जोडप्याकडे आज मोबाईल असतो. मुकादमाचा फोन उचलायला तो लागतोच. संध्याकाळी गाडी खाली करून कोपीवर आल्यावर पोर त्याच मोबाईलवर रील बघत असतं. २०२४ च्या 'असर' पाहणीत दिसलं की १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. त्यातल्या ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, शिकण्याशी संबंधित कामासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे यंत्र पोहोचलंय. त्याच्या पलीकडून पोराचं नाव घेऊन बोलणारं माणूस पोहोचलेलं नाही.

समजा एका शाळेतली पंधरा पोरं स्थलांतरित झाली. आठवड्याला प्रत्येकी पंधरा मिनिटांचा एक फोन म्हणजे पावणेचार तास. दोन शिक्षक आणि गावातली बारावी झालेली दोन-तीन पोरं-पोरी यांनी वाटून घेतलं तर माणशी तासभरसुद्धा पडत नाही. जाताना पोराच्या दप्तरात पुस्तक, एक वही, शिक्षण हमी कार्ड. फोनवर पाच गणितं, एक उतारा मोठ्याने वाचून घ्यायचा, आणि "जवळची शाळा कोणती, तिथे गेलास का?" हा प्रश्न. गावातच आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येतात ती पोरं ठेवाच, ते फोनपेक्षा शंभर पटीने बरं. पण जे गेलंच आहे, त्याचा धागा तुटू देऊ नका. पाडव्याला परत आलेलं पोर सहा महिने मागे पडलेलं असतं, त्याला लाज वाटते, ते मागच्या बाकावर बसतं आणि दोन-तीन हंगामांनी शाळेत यायचंच बंद होतं. मुलगी असेल तर तिचं लग्न लावून टाकतात आणि नवरा-बायकोचा नवा कोयता तयार होतो. आपल्या भागात हे नवीन सांगायला नको.

आता समोरून येणारी दोन बोलणी मला माहीत आहेत.

एक: "सर, पॅनल नसेल तर पट कसा टिकेल? इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी दारात येते, त्यांच्याकडे स्मार्ट बोर्ड आहे." खरं आहे. शिक्षक पटासाठी पॅनल मागतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पट घसरला की शाळेवरच गदा येते. पण पालक पॅनल बघून एक वर्ष पोर ठेवतो. दुसऱ्या वर्षी तो बघतो की शेजारचं पोर वाचतंय आणि आपलं वाचत नाही. पट कायमचा टिकवायचा तर पोराला वाचता आलं पाहिजे, त्याला दुसरा इलाज नाही.

दोन: "गुरुजींनाच वापरता येत नाही, पगार तर भरपूर." अहो, गुरुजींच्या मोबाईलमध्ये डोकावून बघा एकदा. यू-डायसची माहिती, सरलची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन हजेरी, वर केंद्राच्या आणि तालुक्याच्या ग्रुपवर 'आज पाचपर्यंत पाठवा'. ऑनलाइन साधनांनी शिक्षकाचा वेळ वाचायला हवा होता, आपल्याकडे तीच वेळ खातात. ज्या माणसाला उद्याचा तास ठरवायला अर्धा तास मिळत नाही, तो पॅनलवर बडबडगीतंच लावणार. तंत्रज्ञानाने शिक्षण सुधारायचं असेल तर पहिलं काम माहिती भरण्याचं ओझं कमी करायचं. हे काम गावाच्या हातात नाही, पण आमदारांना, जिल्हा परिषद सदस्यांना विचारायचं धाडस तर गावाच्या हातात आहे. पॅनल द्या म्हणून निवेदन देतो ना आपण? तसंच हेही द्यायचं.

जगातही आता लोक सावरून विचार करायला लागलेत. युनेस्कोने २०२३ चा आपला जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर काढला आणि तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर वापरायचं, हा प्रश्न त्याच्या नावातच ठेवला. स्वीडनसारखा श्रीमंत देश त्याच वर्षी छापील पुस्तकांकडे परत वळला. आपल्याला त्यांच्यासारखं मागे वळायचं कारण नाही, कारण आपण अजून नीट पुढेच गेलेलो नाही. आपल्याला फक्त त्यांचे खड्डे टाळता येतील.

म्हणून ग्रामसभेत पॅनलचा विषय निघाला की ठराव जरूर करा, पण त्याच ठरावात पाच गोष्टी लिहून घ्या.

१. वीज. बिल कोण भरणार आणि कोणत्या खात्यातून, हे आधी. जमलं तर छपरावर सौर पॅनल आणि बॅटरी. विजेची सोय होत नसेल तर पॅनल पुढच्या वर्षी.

२. देखभाल. किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी बाजूला. दुरुस्तीला माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत, हे पुरवठादाराकडून लेखी. दरवर्षी पैसे भरावे लागणारं सॉफ्टवेअर नको, फुकट असलेलं पुरेसं आहे.

३. शिक्षकाला वेळ. एक संपूर्ण शनिवार महिन्यातून एकदा, केंद्रातल्या चार शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून पुढच्या महिन्याचे व्हिडिओ-सिम्युलेशन निवडायचे, पेन ड्राइव्हवर घ्यायचे, त्याबरोबर विचारायचे प्रश्न लिहायचे. चहा-नाश्ता गावाने द्यावा.

४. मर्यादा. एका तासात पडदा दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. आधी प्रश्न, मग पडदा, मग हाताने काम. पहिली-दुसरीला त्याहून कमी.

५. जाणाऱ्या पोरांसाठी तरतूद. गावातून किती पोरं ऊसतोडीला गेली त्यांची यादी, प्रत्येकाचा फोन नंबर, फोन कोण करणार त्याचं नाव. रिचार्जचा खर्च पॅनलच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

हे सांगायचा अधिकार तुम्हाला आहे, कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा ही समितीच तयार करते. आपल्याकडे ती समिती म्हणजे रजिस्टरवर सही-अंगठा, एवढंच उरलंय. ज्या बाया समितीवर आहेत त्यांनी या वेळी रजिस्टर हातात घेऊन आधी विचारावं, "दुसरीतली कितीजणं वाचतात? गेलेल्या पोरांची यादी कुठंय?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पॅनल कुठे लावायचा आणि लावायचा की नाही, ते आपोआप कळेल.

टोळ्या अजून सगळ्या गेलेल्या नाहीत. पुढच्या आठ-दहा दिवसांत यादी होऊ शकते. तुमच्या गावात कुणी फोनचं काम घ्यायला तयार असेल तर खाली गावाचं नाव फक्त लिहा, पोरांची नावं-नंबर इथे टाकू नका. फोनवर काय विचारायचं, कोणती गणितं घ्यायची याचा सहा महिन्यांचा साधा आराखडा मी करून देतो. पैसे नकोत, पॅनलही नको. एक वही, एक पेन आणि आठवड्यातला एक तास लागतो.